बंद करण्याचं कारण

घराबाहेर पडताना माणूस कुलूप लावतो आणि एकदा ओढून बघतो. काकांना कुलपापर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं लागायची. आधी पंखे, मग दिवे, मग टीव्ही, गीझर, गॅसची खालची कळ, बाथरूमचा नळ आणि सगळ्यात शेवटी मेन स्विच. त्यानंतर कुलूप, आणि ते सात वेळा ओढायचं. फ्रिजमधलं दूध तीनदा नासल्यावर काकूंनी मेन स्विचला हात लावायची बंदी घातली, पण तोवर सगळ्या इमारतीने त्यांचं नाव 'मेनस्विच' ठेवून टाकलं होतं. अर्थात पाठीमागे. समोर 'काका', कारण इमारतीच्या पाण्याच्या मोटारीने मान टाकली की त्यांच्याच दारात यावं लागे. गरज सरो नि वैद्य मरो म्हणायला ती मोटार एकदा तरी सहा महिने सलग चालायला हवी होती.

काकांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या पंपहाऊसवर काढली. नोकरीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा जोडीचा ऑपरेटर मोटार चालू ठेवून चहाला गेला. विहिरीतलं पाणी तळाला गेलं, मोटार कोरडी फिरत राहिली आणि जळाली. अर्ध्या गावाला तीन दिवस पाणी नव्हतं. लोक रिकाम्या बादल्या घेऊन पंपहाऊसच्या दारात उभे राहिले आणि चहा पिणारा सापडेना, म्हणून जो सापडला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले. सापडले होते काका. त्या दिवशी त्यांनी एक नियम डोक्यात खिळा ठोकून बसवला: जिथे माणूस नाही, तिथे काहीही चालू असता कामा नये.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तीन कोरी रजिस्टरं त्यांनी स्टोअरमधून स्वतःच घेतली. लांबलचक, जाड पुठ्ठ्याची, छापील रकाने असलेली: वेळ, स्थिती, बंद करण्याचं कारण, पुन्हा चालू केल्याची वेळ, ऑपरेटरची सही, वरिष्ठांची सही. घर म्हणजे पंपहाऊसच समजून काकांनी त्यात नोंदी सुरू केल्या. दुपारी पावणेदोनला सगळ्या घरातून एक फेरी. 'घर बंद.' मग झोप. चारला दुसरी फेरी, उलट्या क्रमाने. 'घर चालू.' खाली सही. वरिष्ठांच्या सहीचा रकाना मात्र दहा वर्षं कोराच होता. घरात वरिष्ठ कोण, हा विषय काकांनी शहाणपणाने कधी काढला नव्हता.

काकांच्या अभिमानाची गोष्ट एकच. चौतीस वर्षांत त्यांनी कारणाच्या रकान्यात वीज गेली असं लिहिलं, गाळ लिहिलं, यंत्रदोष लिहिलं, वरून आदेश लिहिलं. 'ऑपरेटरची चूक' हे शब्द स्वतःबद्दल लिहायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही. हे ते ओळखीच्या माणसाला सांगत, आणि ओळख नसली तर आधी ओळख करून घेत.

अशा या सुरक्षित घरात तीन आठवड्यांपूर्वी एक पत्र आलं. काकूंच्या नावाचं, विद्यापीठाकडून.

काकूंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पत्राद्वारे पदवीचा अभ्यासक्रम घेतला होता. कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं होतं, ते चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. आता शेवटचा पेपर राहिला होता, तर्कशास्त्राचा. गुरुवारी अकरा ते दोन, घरूनच कॉम्प्युटरवर द्यायचा. पत्रात पुढे म्हटलं होतं की परीक्षेचा प्रोग्राम फक्त नव्या अपडेटवर उघडेल, जुन्यावर नाही. आणि हा अभ्यासक्रम यंदापासून बंद होत असल्यामुळे फेरपरीक्षा नाही. म्हणजे गुरुवारी प्रोग्राम उघडला तर पदवी, नाही तर तीन वर्षांच्या वह्या रद्दीत.

"तुम्हाला जमेल का हो? की दुकानातून कोणाला बोलावू?" काकूंनी विचारलं.

"अडीचशे हॉर्सपॉवरची मोटार सांभाळलीय मी," काका म्हणाले. "हे काय, खोकं!"

खोकं मागच्या खोलीत होतं. मुलगा परदेशी जाताना मागे ठेवून गेला होता, चपला आणि सल्ल्यांसकट. काकूंचा सकाळचा अभ्यास साडेबाराला संपे, मग काका अपडेट सुरू करत. स्क्रीनवर गोल गोल ठिपके फिरत आणि खाली मजकूर येई: यास वेळ लागेल, कॉम्प्युटर अनेकदा बंद होऊन चालू होईल, कृपया तो बंद करू नका. काका शिस्तीचा माणूस. त्यांनी कॉम्प्युटरच्या प्लगशेजारच्या बटणावर कागद चिकटवला: 'हात लावू नये.' आणि लावलाही नाही. एक वाजता जेवण, एक चाळीसला जाऊन आकडा बघायचा, एकतीस टक्के वगैरे, तो रजिस्टरमध्ये लिहायचा, मग फेरी, मग झोप. चारला येऊन बघावं तर स्क्रीन काळी. त्यात काही विशेष नाही, बंद होऊन चालू होणार असं खोक्याने स्वतःच सांगितलं होतं. काका बटण दाबत. ठिपके फिरत. आणि मग अगदी गोड भाषेत: अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, थोडं थांबा. घर पाडून वर 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' म्हणावं, तसली ती भाषा.

'अयशस्वी. कारण: यंत्रदोष.' सही.

दुसऱ्या दिवशी, ये रे माझ्या मागल्या.

मग काका हट्टाला पेटले. त्यांनी प्रिंटर काढून ठेवला. तारीख-वेळ तपासली. ब्रशने खोक्याच्या आतली धूळ काढली, ती एका कागदावर जमवून काकूंना दाखवली आणि "हे बघ कारण" म्हणाले. कारण ते नव्हतं. कॉम्प्युटरमध्येच एक दोष शोधणारा प्रोग्राम असतो, तो चालवला. त्याने पंधरा मिनिटं शोधून 'कोणताही दोष आढळला नाही' असं कळवलं. असले अहवाल काकांनी खात्यात पुष्कळ पाहिले होते.

मुलाला फोन लावला.

"बाबा, जागा कमी पडत असेल. नको असलेलं काहीतरी उडवा."

काकांनी त्याच्या लग्नाची चार तासांची चित्रफीत उडवली. तशीही ती कोणी बघत नव्हतं, सूनसुद्धा नाही. पुष्कळ जागा झाली. अपडेट पुन्हा एकतीसवर गेलं आणि पुन्हा मागे आलं.

अकरा वेळा हे झालं. अकराव्या वेळेनंतर, म्हणजे परीक्षेला दोन दिवस उरले असताना, काकूंनी काकांना न विचारता कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीला बोलावलं. ती हेल्मेट काखेत धरूनच आत आली, मांडी घालून जमिनीवर बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. काका तिच्या डोक्यावर उभे राहून तिला तिचं काम शिकवत होते.

शेवटी ती म्हणाली, "काका, डिस्क ठीक आहे, मेमरी ठीक आहे. पण हे मशीन मधेच एकदम बंद पडतंय. इथे लाइट जाते का?"

"लाइट? या घरात? मी असताना?"

"नाही, नुसतं विचारलं."

"विचारायचं ते मशीनला विचार."

"मग आतला सप्लाय गेला असेल. पार्ट मागवते. शुक्रवारी येईल."

"पेपर गुरुवारी आहे," काकू म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे. "पार्ट शुक्रवारीच येईल, काकू," ती हळू आवाजात म्हणाली आणि हेल्मेट उचलून गेली.

त्या संध्याकाळी काकूंनी ताट वाढून घेतलं आणि तसंच बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "खरं सांगा. मी ही परीक्षा द्यावी असं तुम्हाला वाटतं ना?"

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "अगं, तीन आठवडे झाले, मी डोळ्यांत तेल घालून..."

"तेच म्हणते. एवढं तेल घालून एकही दिवस काम झालं नाही. मी बाहेरची असते तर म्हणाले असते, माणूस मुद्दाम करतोय."

काकांना हे इतकं लागलं की ते त्या रात्री कुलूप फक्त तीनदा ओढून झोपले.

बुधवारी सकाळी काकू अभ्यासाला बसल्या, पण पुस्तक मिटलेलं होतं. समोर काकांचं रजिस्टर होतं, आणि शेजारी पेन्सिल.

"अहो, जरा इकडे या. या अकरा नोंदी. प्रत्येक दिवशी शेवटचा आकडा किती वाजताचा आहे?"

"एक चाळीस. मी झोपायच्या आधी बघतो."

"आणि या रविवारचा?"

काकांनी चष्मा पुसला. रविवारी काकूंचा भाऊ आला होता. तो एकदा बोलायला बसला की सोफ्याला खड्डा पडल्याशिवाय उठत नाही, त्यामुळे काकांची झोप हुकली होती. 'तीन वीस. ७८ टक्के.' त्याखाली: 'तीन पंचवीस. घर बंद.' त्याखाली: 'अयशस्वी. कारण: यंत्रदोष.'

"म्हणजे रविवारी यंत्र एक चाळीसनंतरही छान चालू होतं," काकू म्हणाल्या. "दहा दिवस ते दुपारी बिघडतं. माझा भाऊ आला की बिघडत नाही. तो उठून गेला की बिघडतं. आता यात माझ्या भावाचा गुण म्हणायचा, की दुसरं काही बदललं?"

"हा योगायोग आहे."

"अकरा वेळा? असं उत्तर मी उद्या पेपरात लिहिलं तर भोपळा मिळेल." काकूंनी कॉम्प्युटर चालू केला. "मी इथे बसते. तुम्ही तुमची दुपारची फेरी मारा. अगदी रोजच्यासारखी, एक बटणही सोडू नका."

काका तणतणत निघाले. बाहेरच्या खोलीचा पंखा, दिवा. टीव्ही. स्वयंपाकघर. मग पॅसेजमधला बोर्ड, जिथे प्रत्येक बटणाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात पट्टी लावलेली होती. 'मागची खोली, पंखा.' माणूस नसलेल्या खोलीतला पंखा रोजच बंद व्हायचा, तसा त्यांनी तो बंद केला. टक्.

आतून बारीकशी घरघर येत होती, ती थांबली.

"या," काकूंचा आवाज आला.

स्क्रीन काळी होती. प्लगशेजारचं बटण चालू होतं, त्यावरचा 'हात लावू नये' जागच्या जागी होता. काकांची नजर प्लगवरून वायरवर गेली, वायरवरून भिंतीवर, भिंतीवरून वर छतापाशी, जिथे पंख्याच्या जोडणीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती त्यांनीच गुंडाळली होती. नऊ वर्षांपूर्वी त्या प्लगची मूळ लाइन जळाली, तेव्हा त्यांनी पंख्याच्या तारेतून वीज उचलून प्लगला दिली होती, म्हणजे पंख्याचं बटण बंद की प्लगही बंद. आठवड्याभरात नवी लाइन ओढायची, असं ठरवून. त्या खोलीत पंखा लावल्याशिवाय बसणं अशक्य होतं, त्यामुळे नऊ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसाही कसा, तर अकरा वेळा आणि सहीनिशी.

"तात्पुरती घेतली होती," काका म्हणाले.

"तुमचं तात्पुरतं मला चांगलं ठाऊक आहे."

ते काकांनाही ठाऊक होतं. लग्नानंतर त्यांना पंपहाऊसच्या आवारातलं क्वार्टर मिळालं, गावापासून लांब. कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, संध्याकाळी यायला उशीर व्हायचा. तेव्हा काकाच म्हणाले होते, "यंदाच्या वर्षी राहू दे. तात्पुरतं. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलंच नाही.

"आता काय करायचं?" काकांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी बायकोला बहुधा पहिल्यांदाच विचारला असावा.

"लाइनला हात लावायचा नाही. आज नवीन उद्योग नकोत. अपडेट सुरू करा आणि ते होईपर्यंत या घरातलं एकही बटण बंद करायचं नाही. एकही नाही."

साडेबाराला अपडेट सुरू झालं. काका पॅसेजमधल्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले. शेजाऱ्यांनी वाटेत हात लावू नये म्हणून, असं ते म्हणाले. शेजारी या बोर्डाजवळ कधी फिरकत नसत, ज्याच्यापासून धोका होता तो खुर्चीवरच बसला होता.

ती दुपार काकांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. पॅसेजमधला दिवा भर उजेडात जळत होता. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर एक बाई रिकाम्या सोफ्याला उद्देशून रडत होती. स्वयंपाकघरात पंखा ओट्याला वारा घालत होता. काकांचा उजवा हात तीनदा आपसूक वर गेला, तेव्हा त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला. पावणेदोन झाले. शरीर सवयीने उठू लागलं.

"बसा," काकू आतूनच म्हणाल्या. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

दोनला बेचाळीस टक्के. अडीचला सत्तावन्न. अठ्ठ्याहत्तरवर आकडा असा ठाण मांडून बसला की काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्राची मनधरणी केली. खोकं स्वतःहून बंद पडलं, स्वतःहून उठलं, पुन्हा पडलं. चार वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन उजळली आणि 'स्वागत आहे' असं लिहून आलं. काकूंनी परीक्षेचा प्रोग्राम उघडला. तो उघडला. त्याने काकूंचं नाव, परीक्षा क्रमांक आणि 'उद्या अकरा वाजता' एवढं दाखवलं. काकांना रडू आलं, आणि लपवायला जवळ रुमाल नव्हता.

गुरुवारी अकराला दोन मिनिटं असताना काकूंनी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. काका बोर्डाखालच्या खुर्चीवर होते, मांडीवर रजिस्टर. सगळं घर चालू होतं. त्यांनी पानं मागे उलटली आणि पहिल्या अपयशापाशी थांबले. कारणाच्या रकान्यातल्या 'यंत्रदोष'वर पट्टी लावून सरळ रेघ मारली. वर लिहिलं: ऑपरेटरची चूक. वळणदार अक्षर वाकडं आलं. मग दुसरी. मग तिसरी. अशा अकराही झाल्या. आतून कीबोर्डचा आवाज येत होता, मधे थांबत होता, पुन्हा येत होता. काकांनी अकराव्या नोंदीखाली आणखी एक ओळ ओढली आणि त्यात चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं साल घातलं. स्थिती: 'हिचं कॉलेज. बंद.' कारण: 'ऑपरेटरची चूक.' खाली सही केली.

दोन वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. काकूंच्या कपाळावर घाम होता आणि केस विस्कटले होते.

"कसा गेला?"

"तीन प्रश्न सोपे होते. चौथ्यात तो योगायोगाचाच मुद्दा आला. तुमचं उदाहरण दिलं."

"नावासकट?"

"नाव नाही दिलं. 'एक गृहस्थ' असं लिहिलं."

काकांनी बोर्डाकडे पाहिलं. खोली आता रिकामी होती. "पंखा बंद करू का?"

"विचारलंत हेच खूप झालं. करा."

काका बटणाकडे वळले, तेवढ्यात काकूंनी खुर्चीवरचं रजिस्टर उचललं. खाडाखोड बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, मग शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. उभ्याउभ्या दोनदा वाचली. कानामागची पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं, रजिस्टर खुर्चीवर ठेवलं आणि "चहा तुम्ही टाका" म्हणत हातपाय धुवायला निघून गेल्या.

काकांनी चष्मा लावला. 'पुन्हा चालू केल्याची वेळ' या रकान्यात लिहिलं होतं: आज, सकाळी अकरा. आणि दहा वर्षं कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या रकान्यात, वरिष्ठांची सही होती.